पडद्यावरचा इतिहास : पारख आणि दाखला

इतिहासाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी पूर्वी ग्रंथालयात जात, पुस्तकातून टिपणे काढत आणि वहीच्या शेवटी पुस्तकाचे नाव लिहीत. आज तेच विद्यार्थी मोबाइलवर छायाचित्रे, चलच्चित्रे आणि ध्वनिमुद्रणे शोधतात. यात वाईट काही नाही. थिबा राजाचे छायाचित्र पाहताना किंवा गांधीजींचा आवाज ऐकताना जो जिवंतपणा जाणवतो तो छापील मजकुरात सहसा येत नाही. अडचण आहे ती पुढेच. प्रकल्पाच्या शेवटी विद्यार्थी 'संदर्भ : यूट्यूब' किंवा 'संदर्भ : गूगल' एवढेच लिहितो. 'संदर्भ : ग्रंथालय' असे लिहिण्यासारखेच हे झाले. त्यावरून वस्तू कोणती, कुणाची, कधीची आणि ती पुन्हा कुठे पाहायची, यांपैकी काहीच कळत नाही.

अशा साधनांची पारख कशी करावी आणि त्यांचा दाखला कसा द्यावा, याचा विचार या लेखात करू. उदाहरणे मुख्यतः रत्नागिरीच्या आसपासची घेतली आहेत. पद्धत मात्र कुठल्याही गावाला लागू पडेल.

अस्सल, नक्कल आणि बखर

हा प्रश्न नवा वाटला तरी तो सोडवण्याची रीत आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या पिढीने एक शिस्त घालून दिली. कागद मिळाला की तो अस्सल आहे की नक्कल, तो कुणाच्या दप्तरात सापडला, त्यावर मिती आणि शिक्का आहे का, हे आधी पाहायचे आणि मगच त्यातल्या मजकुराकडे वळायचे. घटनेच्या वेळी लिहिलेले पत्र आणि घटनेनंतर अनेक वर्षांनी रचलेली बखर यांचे वजन सारखे धरायचे नाही.

हीच तीन नावे आजच्या साधनांनाही लावता येतात. संग्रहालयात ठेवलेली तबकडी, फिल्म किंवा काचेची निगेटिव्ह हा अस्सल कागद. तिच्यावरून केलेली संगणकीय फाइल ही नक्कल. अशा अनेक नकलांचे तुकडे जोडून, मागे संगीत घालून आणि वर निवेदन चढवून केलेला वीस मिनिटांचा व्हिडिओ ही बखर. बखर टाकाऊ नसते. लोकांना काय आठवते, काय सांगावेसे वाटते, हे तिच्यातून कळते. पण तिला पत्राचे वजन देता येत नाही. विद्यार्थ्याने क्लिप आणली की पहिला प्रश्न विचारावा : ही या तिघांपैकी कोणती?

चित्राच्या बाबतीत महाराष्ट्राला याचा अनुभव पूर्वीच आला आहे. एका मुसलमान सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून बराच काळ प्रचारात होते. वा. सी. बेंद्रे यांनी परदेशी संग्रहातील जुने चित्र शोधून १९३३ मध्ये ते लोकांपुढे मांडले, तेव्हा ही चूक दूर झाली. तोवर चित्र खोटे नव्हते, खोटी होती ती त्याखालची ओळ. इंटरनेटवरच्या बहुतेक घोटाळ्यांचे स्वरूपही हेच असते. चित्र खरे असते, पण त्याखालचे नाव, गाव किंवा वर्ष चुकलेले असते.

एका आवाजाच्या तीन तारखा

छापील पुस्तकाला सहसा एक प्रकाशनवर्ष असते. ध्वनिमुद्रणाला मात्र निदान तीन तारखा असू शकतात : शब्द केव्हाचे, आवाज केव्हा मुद्रित झाला आणि फाइल केव्हा अपलोड झाली. या तारखांची गल्लत ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

गांधीजींचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असताना, कोलंबिया ग्रामोफोन कंपनीसाठी त्यांनी ध्वनिमुद्रण केले. राजकारणावर बोलण्यास नकार देऊन त्यांनी ईश्वरावरचा आपलाच एक जुना लेख वाचून दाखवला. तो लेख 'यंग इंडिया'मध्ये १९२८ साली आला होता. म्हणजे शब्द १९२८ चे, आवाज १९३१ चा, आणि आपण ऐकतो ती फाइल एकविसाव्या शतकातली. '१९३१ साली गांधीजींचे ईश्वराविषयीचे विचार काय होते' यासाठी विद्यार्थ्याने हे ध्वनिमुद्रण वापरले, तर विचार मूळचे तीन वर्षे आधीचे आहेत, हे त्याला नमूद करावे लागेल.

दुसरे उदाहरण अधिक फसवे आहे. ४ जून १९४० रोजी विन्स्टन चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत समुद्रकिनाऱ्यांवर लढण्याविषयीचे प्रसिद्ध भाषण केले. त्या वेळी सभागृहात ध्वनिमुद्रण होत नसे. आज त्या भाषणाचा म्हणून जो आवाज ऐकवला जातो, तो चर्चिल यांनी १९४९ मध्ये पुन्हा वाचून मुद्रित केलेला आहे. आवाज त्यांचाच, शब्दही त्यांचेच, पण तो क्षण मात्र १९४० चा नाही.

तिसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे. हा चित्रपट मे १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. आज इंटरनेटवर १९१३ चा म्हणून जो भाग दिसतो, तो फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचा आहे, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. तेव्हा दाखल्यात नुसते '१९१३' लिहिण्याऐवजी हा मतभेदही एका ओळीत नोंदवावा.

लोकमान्यांचा आवाज

आता रत्नागिरीला अगदी जवळचे उदाहरण. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. टिळक आळीतले त्यांचे जन्मस्थान पाहायला शाळांच्या सहली येतात. जुलैअखेरीस आणि १ ऑगस्टच्या पुण्यतिथीच्या सुमारास 'लोकमान्यांचा मूळ आवाज' अशा नावाच्या क्लिप मोबाइलवरून फिरू लागतात.

अशा एका ध्वनिमुद्रणाची २०१२ साली बरीच चर्चा झाली. केसरी-मराठा संस्थेच्या वतीने ते लोकांसमोर आले. २१ सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात गणेशोत्सवातील गाण्याच्या बैठकीत, कराचीचे एक संगीतप्रेमी सेठ लखमीचंद इसराणी यांनी ते केले, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्यात गडबड करणाऱ्या श्रोत्यांना टिळक कडक शब्दांत समज देतात. ते खरे की खोटे याचा निवाडा येथे करायचा नाही. असा दावा पुढे आला की अभ्यासकाने कोणत्या पायऱ्यांनी जावे, हे पाहण्यासाठी ते उदाहरण उत्तम आहे.

पहिली पायरी तारखेची. टिळक मंडालेच्या तुरुंगातून सुटून जून १९१४ मध्ये पुण्यास परतले होते. म्हणजे सप्टेंबर १९१५ मध्ये ते गणेशोत्सवात असणे शक्य आहे. २१ सप्टेंबर हा दिवस उत्सवातला होता का? त्या वर्षी ९ सप्टेंबरला अमावास्या होती. त्यामुळे गणेशोत्सव त्यानंतर तीन-चार दिवसांनी सुरू होऊन २२ तारखेच्या सुमारास अनंत चतुर्दशी येते. तारीख जुळते. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. तारीख जुळली नसती तर दावा कोसळला असता, पण जुळली म्हणून तो सिद्ध होत नाही. पंचांग कुणालाही पाहता येते.

दुसरी पायरी तंत्राची. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्यापूर्वी मायक्रोफोन वापरात नव्हता. बोलणारा किंवा गाणारा मोठ्या कर्ण्यासमोर तोंड नेऊन आवाज देई आणि त्या हवेच्या दाबाने पडदा हलून सुई मेणावर खाच उमटवी. या पद्धतीत साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज बरा पकडला जाई. एका बाजूवर सामान्यतः तीन-चार मिनिटे मावत. तेव्हा विचारावे : बोलणारा कर्ण्यापासून किती दूर होता? श्रोत्यांचा गलबला कितपत ऐकू येतो? मुद्रण सलग किती मिनिटांचे आहे? त्या काळाच्या यंत्राला जे जमणे कठीण, ते येथे जमलेले दिसते का?

या पायरीवर घाई करून चालत नाही. समजा एखाद्या जुन्या मुद्रणात विजेची बारीक घरघर ऐकू आली. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ही घरघर ५० किंवा १०० हर्ट्झला दिसते. १९१५ च्या कर्ण्याच्या मुद्रणात ती मुळात असणार नाही. पण म्हणून ते मुद्रण बनावट ठरते का? नाही. तबकडीवरून नक्कल करतानाही ती घरघर शिरू शकते. शंका आली की तिचे दुसरे साधे कारण संभवते का, हे तपासणे ही विज्ञानाची रीत येथेही पाळावी लागते.

वेगाचेही तसेच आहे. त्या काळी तबकडीच्या फिरण्याचा वेग सर्वत्र एक नव्हता. मिनिटाला ७२ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवली तर आवाज सुमारे आठ टक्क्यांनी वर चढतो. पेटीच्या भाषेत सांगायचे तर काळी एकमधला सूर पांढरी दोनच्याही वर सरकतो. म्हणून 'टिळकांचा आवाज इतका बारीक नसणार' किंवा 'इतका जाड नसणार' अशी कानावरची परीक्षा फारशी कामाची नाही.

तिसरी पायरी, आणि ही सर्वांत महत्त्वाची, हस्तांतराची. मूळ वस्तू कोणती होती : मेणाची नळी, तबकडी की तार? आज ती कुठे आहे? १९१५ पासून २०१२ पर्यंत ती कुणाकुणाच्या ताब्यात होती? नक्कल कुणी, कोणत्या यंत्रावर केली? जुन्या दप्तरातला कागद कुणाच्या वाड्यात सापडला हे विचारण्यासारखेच हे आहे. मूळ वस्तू तज्ज्ञांना तपासायला मिळत असेल तर दाव्याचे वजन वाढते. नुसती फाइलच उपलब्ध असेल तर ते तितके वाढत नाही.

चौथी पायरी समकालीन पुराव्याची. त्या काळची वर्तमानपत्रे, पत्रव्यवहार, आठवणी यांत त्या बैठकीचा किंवा ध्वनिमुद्रणाचा उल्लेख आहे का? १९१५ साली पुण्यात ध्वनिमुद्रण ही नवलाची गोष्ट होती. तिचा बोभाटा व्हावा अशी अपेक्षा करता येते. उल्लेख न सापडणे हा निर्णायक पुरावा नव्हे, पण तो नोंदवून ठेवावा.

एवढ्या पायऱ्या चढल्यावर विद्यार्थ्याने 'हा टिळकांचा आवाज आहे' असे लिहिण्याऐवजी 'हा टिळकांचा आवाज असल्याचे २०१२ मध्ये जाहीर करण्यात आले' असे लिहिले, तर त्याने इतिहासाचा एक मोठा धडा घेतला असे समजावे.

छायाचित्र काय सांगते?

टिळक मंडालेला गेले आणि मंडालेचा राजा रत्नागिरीला आला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत केले आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीस आणून ठेवले. सुरुवातीची अनेक वर्षे तो बंगल्यांत राहिला. आज आपण 'थिबा पॅलेस' म्हणतो ती वास्तू १९१० मध्ये पुरी झाली आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. या चार वर्षांच्या आधाराने वर्गात एक चांगली कसोटी घेता येते. समजा इंटरनेटवर 'थिबा राजा आपल्या राजवाड्यात, १८९०' अशी ओळ असलेले चित्र मिळाले. चित्र मंडालेतले तर नाही? की वर्ष चुकले? की माणूसच वेगळा? उत्तर लगेच मिळाले नाही तरी ओळ चुकीची आहे एवढे निश्चित सांगता येते.

चित्राचा मूळ ठावठिकाणा शोधण्यासाठी उलट चित्रशोधाची सोय वापरावी. तीत शब्दांऐवजी चित्रच देऊन ते आणखी कुठे कुठे आले आहे हे पाहता येते. शोधत शोधत एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा संग्रहालयाच्या नोंदीपर्यंत पोचावे. तेथे छायाचित्रकार, वर्ष आणि नोंदणी क्रमांक मिळण्याची शक्यता असते.

ओळ बरोबर असली तरी काम संपत नाही. मंडाले पडल्यानंतरची अनेक छायाचित्रे विलोबी वॉलेस हूपर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने घेतली. बंडखोर म्हणून पकडलेल्या लोकांना गोळ्या घालतानाचा क्षण टिपण्यासाठी त्याने हुकूम लांबवला, असा आरोप १८८६ मध्ये झाला आणि त्याची चौकशीही झाली. म्हणजे कॅमेरा केवळ साक्षीदार नव्हता, घटनेत त्याचाही हात असल्याचा संशय होता. चित्र कुणी घेतले, कुणासाठी घेतले आणि चौकटीबाहेर काय राहिले, हे प्रश्न खऱ्या चित्रालाही विचारावे लागतात.

नवी भर

आता यात संगणकाने तयार केलेल्या आवाजांची आणि चित्रांची भर पडली आहे. एखाद्या माणसाच्या आवाजाचे थोडे नमुने देऊन, त्याने कधीच न उच्चारलेली वाक्ये त्याच्या आवाजात वदवता येतात. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात रंग भरता येतात. हे रंग म्हणजे संगणकाचा अंदाज असतो, फेट्याच्या खऱ्या रंगाचा तो पुरावा नव्हे. याशिवाय साधी सरमिसळही होते. २०१५ साली लोकमान्यांवरचा मराठी चित्रपट आला. त्यातला एखादा संवाद कापून, त्यावर खरखर चढवून तो 'मूळ आवाज' म्हणून कुणी पाठवला, तर नुसत्या कानाने ओळखणे सोपे नाही. अशा वेळी वर सांगितलेली हस्तांतराची पायरी कामाला येते. ज्या फाइलचा पाठवणारा सापडतो पण मूळ ठिकाण सापडत नाही, ती दाखल्यासाठी वापरू नये.

फाइल वाटेत बदलली का, हे तपासण्याचा एक उपाय संगणकशास्त्राने दिला आहे. ठरावीक गणिती कृतीने कोणत्याही फाइलचा 'ठसा' काढता येतो. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलमधला एक बिंदू जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. जुन्या पत्राच्या शेवटी मोर्तब असे, तसेच हे. पण मोर्तब पाहून पत्रात मागाहून भर पडली नाही एवढेच कळे, पत्रातली हकिकत खरी आहे असे ठरत नसे. ठशाचेही तेवढेच काम.

दाखला कसा लिहावा?

दाखल्याचा हेतू एकच : वाचणाऱ्याला तीच वस्तू पुन्हा गाठता यावी आणि तिचे वजन ठरवता यावे. संदर्भ लिहिण्यासाठी आयएसओ ६९० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. शाळेत त्याचा सारा तपशील पाळण्याची गरज नाही. पुढील आठ गोष्टी असल्या म्हणजे पुरे.

१. मूळ कर्ता : वक्ता, गायक, छायाचित्रकार किंवा दिग्दर्शक.
२. शीर्षक. नसल्यास चौकटी कंसात थोडक्यात वर्णन.
३. प्रकार : ध्वनिमुद्रण, चलच्चित्र, छायाचित्र, मुलाखत.
४. मूळ निर्मितीची तारीख आणि ठिकाण.
५. मूळ वस्तू कुठे आहे, आणि तिचा नोंदणी क्रमांक.
६. फाइल कुणी, केव्हा आणि कोणत्या संकेतस्थळावर ठेवली, आणि तिचा पूर्ण पत्ता.
७. आपण ती पाहिल्याची तारीख.
८. आपल्याला हवा असलेला भाग कितव्या मिनिटाला आणि सेकंदाला येतो.

गांधीजींच्या ध्वनिमुद्रणाचा दाखला असा होईल : गांधी, मो. क., [ईश्वराविषयी निवेदन], इंग्रजी ध्वनिमुद्रण, कोलंबिया ग्रामोफोन कंपनी, लंडन, ऑक्टोबर १९३१ (मजकूर १९२८ च्या लेखातील). पुढे संकेतस्थळ, अपलोड करणारा, अपलोडची तारीख, पत्ता, पाहिल्याची तारीख आणि मिनिट-सेकंद.

यात चौथी आणि सहावी बाब वेगवेगळ्या ठेवाव्यात. अपलोड करणारा हा कर्ता नव्हे. कागद ज्याच्या घरी मिळाला तो माणूस जसा त्या पत्राचा लेखक नसतो, तसेच हे. एखादी बाब सापडली नाही तर जागा गाळू नये, 'अज्ञात' असे लिहावे. ज्या दाखल्यात पाच ठिकाणी 'अज्ञात' येईल, त्या साधनाची किंमत विद्यार्थ्याला आपोआप कळेल.

पाहिल्याची तारीख अनावश्यक वाटते, पण ती महत्त्वाची आहे. इंटरनेटवरच्या गोष्टी हलतात, बदलतात, नाहीशा होतात. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'इंटरनेट अर्काइव्ह' या संस्थेच्या 'वेबॅक मशीन'मध्ये अनेक पानांच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतात. महत्त्वाचे पान तेथे जतन करून त्या प्रतीचा पत्ताही दाखल्यात द्यावा.

वर्गात करण्याजोगे

पारख शिकण्याचा उत्तम मार्ग म्हणजे स्वतः एक साधन तयार करणे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला. त्याआधी रत्नागिरीहून मुंबईला बोटीने आणि एस.टी.ने जाणारी पिढी अजून आपल्यात आहे. विद्यार्थ्यांच्या जोड्या करून आजी-आजोबांच्या प्रवासाच्या आठवणी मोबाइलवर मुद्रित करून घ्याव्यात. मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, ठिकाण, विचारणाऱ्याचे नाव आणि सांगणाऱ्याचे वय स्पष्ट बोलावे. सांगणाऱ्याचे नाव आणि आवाज इतरांना ऐकवण्यास त्यांची संमती आधी घ्यावी. मूळ फाइल कापू नये, कापायची असेल तर तिची नक्कल कापावी. फाइलला 'नवीन १' असले नाव न देता तारीख आणि विषय असलेले नाव द्यावे आणि एक प्रत शाळेच्या संगणकावर ठेवावी.

मग फायलींची जोड्यांमध्ये अदलाबदल करावी. प्रत्येक जोडीने दुसऱ्या जोडीच्या मुद्रणाचा आठ कलमी दाखला लिहावा आणि त्यातली एक तारीख किंवा एक घटना छापील साधनाशी ताडून पाहावी. आठवणीतले साल दोन-तीन वर्षांनी मागेपुढे झालेले आढळेल. तेव्हा आजोबा खोटे बोलले असे कुणी म्हणणार नाही. आठवण हे कोणत्या जातीचे साधन आहे आणि तिच्याकडून काय अपेक्षा करावी, हे मात्र सर्वांना समजेल.

दुसरा लाभ अधिक टिकाऊ आहे. चुकीची ओळ असलेले एक छायाचित्र एका प्रकल्पात शिरले की पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तो प्रकल्प पाहून तीच ओळ उतरवतो, मग ती शाळेच्या स्मरणिकेत जाते आणि काही वर्षांनी स्मरणिकाच पुरावा म्हणून दाखवली जाते. ही साखळी पहिल्या कडीलाच तोडणे शिक्षकाच्या हातात असते. त्यासाठी 'हे कुठून आणलेस?' हा साधा प्रश्न पुरतो. मात्र तो प्रत्येक चित्राला आणि प्रत्येक आवाजाला विचारला गेला पाहिजे.